गाडीच्या जाड लाल वायरला फ्यूज नसतो



साखरशेतहून जव्हारला जायचं असो, मोखाड्याचा बाजार असो, नाहीतर विक्रमगडला माल पोचवायचा असो, आपलं बरंचसं काम जुन्या गाड्यांवरच चालतं. पहाटे तोडलेल्या मोगऱ्याच्या कळ्या, भाजीच्या पाट्या, नागलीची पोती, सगळं जुन्या पिकअपमध्ये नाहीतर जीपमध्ये चढतं. रात्री-अपरात्री एखाद्या बाईला कळा सुरू झाल्या आणि रुग्णवाहिकेला उशीर होणार असेल, तर पतंगशाह कुटीर रुग्णालयापर्यंत पाड्यावरचीच गाडी नेते.

गाडी बहुतेक वेळा घरातला पुरुष चालवतो. पण कर्ज कुणाच्या गटातून निघालेलं असतं? हप्ता कोण भरतं? मग गाडीचं बॉनेट उघडून आत बघायचा हक्कही आपलाच. आज बॅटरीच्या वायरबद्दल बोलू या. विषय रुक्ष वाटेल, पण जुनी गाडी उभ्या उभ्या पेटण्याची जी कारणं आहेत त्यातलं हे मोठं कारण आहे. आणि ते टाळायला पैसा कमी, लक्ष जास्त लागतं.

शॉर्ट होतं म्हणजे नेमकं काय होतं?

गाडीच्या बॅटरीला दोन टोकं असतात. एक प्लस, एक मायनस. प्लसची वायर सहसा लाल, मायनसची काळी. जुन्या गाडीत कुणीतरी मध्येच वायर बदललेली असते, त्यामुळे दोन्ही काळ्याही असू शकतात. म्हणून रंगावर जाऊ नका. बॅटरीवर + आणि − अशी खूण कोरलेली असते ती बघा. प्लसचं टोक मायनसपेक्षा जरा जाडही असतं.

आता महत्त्वाची गोष्ट. मायनसची वायर थेट गाडीच्या लोखंडाला जोडलेली असते. म्हणजे इंजिन, चॅसी, पत्रा, बॉनेट, सगळी गाडीच मायनस आहे असं समजा. त्यामुळे लाल वायरचा उघडा भाग गाडीच्या लोखंडाला कुठेही टेकला की प्लस आणि मायनस थेट भिडले. दिवा नाही, हॉर्न नाही, मध्ये काहीच काम नाही. बॅटरीतली सगळी ताकद त्या एका ठिकाणी धावते. यालाच शॉर्ट म्हणायचं.

किती ताकद? घरातला मिक्सर साधारण तीन अँपिअर करंट घेतो. जीप-पिकअपची चांगली बॅटरी शॉर्ट झाली तर काहीशे अँपिअर, कधी हजाराच्याही वर करंट सोडते. वायर तापते ती या अँपिअरमुळे. करंट दुप्पट झाला तर ताप चौपट होतो. म्हणून काही सेकंदांत वायरचं प्लास्टिक वितळतं, धूर येतो, शेजारच्या वायरी पेटतात. जवळच डिझेलचा पाईप असतो, तेलकट धूळ साचलेली असते. पुढचं सांगायला नको.

घरात असं झालं तर मीटरजवळचा एमसीबी पडतो नाहीतर फ्यूज उडतो आणि वीज तुटते. गाडीतही दिवे, हॉर्न, वायपर यांना फ्यूज असतात. पण बॅटरीपासून सेल्फपर्यंत जाणाऱ्या जाड लाल वायरला बहुतेक जुन्या गाड्यांत फ्यूज नसतोच. सेल्फ मारताना इतका करंट लागतो की साधा फ्यूज तिथे टिकणार नाही. त्यामुळे या वायरची राखण करायला फक्त तिच्या अंगावरचं प्लास्टिक आहे, तिला धरून ठेवणाऱ्या क्लिपा आहेत आणि आपले डोळे आहेत. चौथं कुणी नाही.

आणखी एक गैरसमज काढून टाका. चावी बंद केली की वीज बंद झाली असं नाही. चावी बंद असली तरी ही जाड वायर जिवंतच असते. रात्री गाडी घराशेजारी उभी, बाजूला पेंढ्याची रास, मागे कुडाची भिंत, आणि आत उंदीर वायर कुरतडतोय. धोका गाडीपुरता राहत नाही तो असा.

बांगडी आणि मंगळसूत्र

बारा व्होल्टची बॅटरी कोरड्या हाताला शॉक देत नाही. त्यामुळे लोक बिनधास्त हात घालतात. पण शॉक नसला तरी चटका आहे. हातातली बांगडी, अंगठी, घड्याळाचा पट्टा, लोंबकळणारं मंगळसूत्र प्लसला आणि लोखंडाला एकाच वेळी टेकलं, तर तो धातूच वायरसारखा तापतो. क्षणात लालबुंद होतो आणि कातडीला चिकटतो. अंगठी बोटात असेल तर काढताही येत नाही.

म्हणून बॅटरीजवळ हात घालायच्या आधी काचेच्या सोडून बाकीच्या बांगड्या आणि अंगठी उतरवा. मंगळसूत्र ब्लाउजच्या आत घ्या, पदर खोचून घ्या. नवऱ्याला, भावालाही हातातलं कडं आणि अंगठी काढायला सांगा.

कुठे कुठे बघायचं?

दिवसा उजेडात, इंजिन थंड असताना, चावी काढून बॉनेट उघडा. काही गाड्यांत बॅटरी सीटखाली किंवा बाजूच्या पेटीत असते. लाल वायर बॅटरीपासून धरा आणि नजरेने शेवटपर्यंत जा. या सहा जागा चुकवू नका.

१. बॅटरी हलते का? दोन्ही हातांनी धरून हलवून बघा. ती तसूभरही सरकता कामा नये. आपल्याकडचे रस्ते आणि घाट तुम्हाला माहीत आहेत. खड्ड्यात बॅटरी उडाली की प्लसचं टोक बॉनेटला नाहीतर पट्टीला लागतं. सुतळीने किंवा ट्यूबच्या तुकड्याने बांधलेली बॅटरी म्हणजे न बांधलेलीच. लोखंडी पट्टी असेल तर ती प्लसच्या टोकापासून लांब आहे का तेही बघा.

२. प्लसच्या टोकावर टोपण आहे का? रबरी टोपण हवंच. बॅटरी बदलताना ते बहुधा हरवतं. नवी बॅटरी जुन्यापेक्षा उंच असेल किंवा तिचं प्लसचं टोक उलट्या बाजूला असेल, तर ते लोखंडाच्या अगदी जवळ येतं. सीटखाली बॅटरी असेल तर वर माणूस बसल्यावर सीटची स्प्रिंग टोकावर टेकू शकते. मध्ये रबराचा जाड तुकडा घट्ट बसवून घ्या.

३. वायर पत्र्याच्या भोकातून जाते ती जागा. तिथे रबराची गोल कडी बसवलेली असते. जुन्या गाडीत ती सुकून गळून पडते आणि पत्र्याची धार वायरला घासत राहते. गाडी थरथरते तसं रोज थोडं थोडं कापलं जातं. वर्षभर काही होत नाही, मग एक दिवस तांबं उघडं पडतं.

४. सायलेन्सरचा पाईप. इंजिनमधून निघणारा धुराचा पाईप भयंकर तापतो. वायर त्याच्यापासून वीतभर तरी लांब हवी आणि क्लिपने बांधलेली हवी. क्लिप तुटली की वायर लोंबते आणि पाईपवर जाऊन बसते.

५. सेल्फ आणि अल्टरनेटरची टोकं. लाल वायर जिथे संपते तिथेही टोपण हवं. ही जागा खाली असते, चिखल उडतो, म्हणून कुणी बघत नाही. मोबाईलचा टॉर्च लावून बघा.

६. वायरचं अंग. बोटाने हळूच वाकवून बघा. प्लास्टिक कडक झालं असेल, भेगा पडल्या असतील, काळपट भाजल्यासारखं दिसत असेल, दातांच्या खुणा असतील, तर ती वायर बदलायची. काळी चिकटपट्टी गुंडाळणं हा गॅरेजपर्यंत पोचायचा उपाय आहे. इंजिनच्या तापाने पट्टीचा डिंक सुटतो आणि काही दिवसांत ती उलगडते.

नवी वायर टाकताना तांब्याची आणि जुनीइतकीच जाड घ्या. बारीक वायर स्वस्त पडते, पण सेल्फ मारताना तीच तापते. वायरवर नळी चढवायला सांगा आणि हातभर अंतरावर क्लिपा मारून घ्या.

पांढरी-हिरवी बुरशी आणि ढिली टोकं

बॅटरीच्या टोकांवर पांढरी किंवा हिरवट पावडर साचते. ती ॲसिडमुळे येते. टोक ढिलं असेल किंवा पावडर साचली असेल, तर करंटला वाट नीट मिळत नाही, टोक तापतं, ठिणगी उडते. आणि चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन नावाचा वायू निघतो. तो ठिणगीने पेटतो आणि बॅटरी फुटू शकते. म्हणून बॅटरीजवळ बिडी नाही, काडी नाही. पाणी किती आहे ते बघायलाही काडी पेटवायची नाही.

आधी दोन्ही वायरी सोडवा (कशा, ते पुढे सांगितलं आहे). मग एका पेल्यात पाणी आणि दोन चमचे खायचा सोडा घ्या. जुन्या ब्रशने टोकं घासा. फेस येईल, तो येणारच. सोड्याचं पाणी बॅटरीच्या बुचांतून आत जाऊ देऊ नका. नंतर साध्या पाण्याने पुसून कोरडं करा, टोकं घट्ट बसवा आणि वरून व्हॅसलीन लावा. बॅटरीत भर घालायची ती फक्त डिस्टिल्ड वॉटरची. नळाचं, विहिरीचं पाणी नाही, आणि ॲसिड तर अजिबात नाही. ॲसिड डोळ्यात उडालं तर लगेच स्वच्छ पाण्याने पंधरा-वीस मिनिटं धुवत राहा आणि मग दवाखाना गाठा.

काळी आधी काढायची, शेवटी लावायची

एवढं एक वाक्य तरी पाठ करा.

असं का? समजा मेस्त्रीने आधी लालचा नट सोडवायला घेतला. काळी अजून लागलेलीच आहे, म्हणजे सगळी गाडी मायनस आहे. लालच्या नटावर लावलेला पाना फिरता फिरता पत्र्याला टेकला की झाला शॉर्ट. पाना चिकटतो, ठिणग्या उडतात, हात भाजतो.

आता उलटं करून बघा. आधी काळी सोडवली. तो पाना पत्र्याला लागला तरी काही होत नाही, कारण काळी आणि पत्रा एकच आहेत. काळी निघाली की गाडीचा बॅटरीशी संबंध तुटला. मग लाल सोडवताना पाना पत्र्याला लागला तरी वाट पूर्ण होत नाही, ठिणगी नाही. लावताना आधी लाल, मग शेवटी काळी. सोडवलेली काळी वायर कापडात गुंडाळून बाजूला बांधा, म्हणजे ती परत उडी मारून टोकाला लागणार नाही.

गाडीवर वेल्डिंग करायचं असेल, सेल्फ काढायचा असेल किंवा गाडी आठ-पंधरा दिवस उभी ठेवायची असेल, तेव्हाही काळी काढून ठेवा.

काम झाल्यावर सगळं बरोबर आहे की नाही हे बघायची साधी युक्ती आहे. बारा व्होल्टचा गाडीचाच एक बल्ब आणि दोन वायरी घ्या. चावी बंद, दारं बंद, दिवे बंद. काळी वायर बॅटरीला थेट न लावता बल्बची एक वायर मायनसच्या टोकाला आणि दुसरी त्या काळ्या वायरच्या कडीला लावा. बल्ब लागला नाही तर ठीक. घड्याळ किंवा टेपमुळे बारीक मिणमिणला तरी चालेल. पण बल्ब भरपूर उजेड देऊ लागला, तर कुठेतरी शॉर्ट आहे किंवा काहीतरी चालू राहिलं आहे. ते सापडल्याशिवाय काळी जोडू नका. बल्ब मध्ये असल्यामुळे तेवढाच करंट जातो आणि वायर जळत नाही.

टेप, लाईट आणि फ्यूजमधली तार

आपल्या गाड्यांना हौसेने बरंच काही लावलेलं असतं. मोठा टेप, पुढे जादा दिवे, मोबाईलचं चार्जिंग, लग्नाच्या वरातीत रंगीत लाईट. त्यांच्या वायरी पुष्कळदा थेट बॅटरीच्या प्लसवर गुंडाळलेल्या असतात, मध्ये फ्यूज नसतो. जाड वायरला फ्यूज नाही याला कारण तरी आहे. या बारीक वायरींना फ्यूज नसण्याला काहीच कारण नाही.

फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत हवा. टेपजवळ फ्यूज असून उपयोग नाही, कारण मधली सगळी वायर उघडीच राहते. किती अँपिअरचा? हिशोब सोपा आहे. वॅटला बाराने भागायचं. 60 वॅटचे दोन दिवे म्हणजे 120 वॅट, भागिले 12, म्हणजे 10 अँपिअर. त्याला 15 चा फ्यूज पुरे, आणि वायरही तेवढा करंट सहज सोसणारी हवी. पात्याच्या फ्यूजचे रंग ठरलेले असतात. 10 चा लाल, 15 चा निळा, 20 चा पिवळा, 30 चा हिरवा. निळा उडतो म्हणून हिरवा घातला तर फ्यूज वाचेल आणि वायर जळेल. सिगारेटची चांदी किंवा तांब्याची तार घालणं तर त्याहून वाईट. फ्यूज पुन्हा पुन्हा उडतो म्हणजे तो कुठलीतरी वायर घासली आहे असं सांगतोय. त्याचं ऐका.

धूर दिसला तर

जळक्या प्लास्टिकचा वास आला, दिवे मिणमिणले, डॅशबोर्डखालून धूर आला, तर "पुढच्या गावात बघू" म्हणायचं नाही. गाडी बाजूला घ्या, चावी बंद करा, हँडब्रेक ओढा. आधी माणसं उतरवा. मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्या आणि लेकरं आधी. सगळ्यांना पन्नासेक पावलं लांब, वाऱ्याच्या उलट्या बाजूला उभं करा. पाट्या, पोती, पिशव्या राहू देत.

नुसता धूर असेल आणि बॅटरी हाताशी असेल, तर पान्याने काळी सोडवा. त्यासाठी त्या नटाला बसणारा पाना गाडीत कायम हवा. ज्वाळा दिसत असतील तर बॉनेट सताड उघडू नका, हवा मिळून आग भडकते. फटीतून एबीसी पावडरच्या बाटल्याचा फवारा आगीच्या बुडाशी मारा. बाटला नसेल तर माती-वाळू टाका. पाण्याने सांडलेलं डिझेल पसरतं. आग हाताबाहेर गेली तर गाडीचा नाद सोडा आणि 112 ला फोन करा. कुणी भाजलं असेल तर 108.

गटाच्या बैठकीत एवढं ठरवा

गटाच्या किंवा ग्रामसंघाच्या कर्जातून घेतलेली गाडी असेल, तर वर्षातून दोनदा वायर तपासायची असं ठरावात घ्या. एकदा मे महिन्यात, पावसाळ्याआधी. आणि एकदा भात कापणीनंतर, कारण खाचरं मोकळी झाली की उंदीर घराकडे आणि गाडीकडे वळतात. तपासणी झाल्याची तारीख इतिवृत्तात लिहा. जुनी गाडी घ्यायला कुणी कर्ज मागत असेल, तर पैसे देण्याआधी वर सांगितलेल्या सहा जागा बघून घ्या. गाडीचा रंग नवा आहे म्हणून वायर नवी नसते.

विम्याचा कागदही काढून वाचा. फक्त थर्ड पार्टी विमा असेल, तर तो आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर कामाला येतो. आपली गाडी जळाली तर त्यातून आपल्याला काही मिळत नाही. गाडी जाते आणि हप्ता राहतो. स्वतःच्या गाडीचं आगीतलं नुकसान धरणारा विमा वेगळा घ्यावा लागतो. जुन्या गाडीला तो परवडतो का, याचा हिशोब गटात बसून करा.

आणि ताईंनो, गाडी आपली नसली, आपण नुसत्या तिकीट देऊन बसणाऱ्या असलो, तरी विचारायला काही हरकत नाही. "दादा, बॅटरी घट्ट बांधली आहे ना? आग विझवायचा बाटला आहे का?" पहिल्यांदा तो हसेल. चार बायकांनी चार दिवस विचारलं की बाटला आणून ठेवेल.

येत्या बैठकीला गावातली एक गाडी दारात बोलवा. बॉनेट उघडा, बांगड्या उतरवा, आणि लाल वायर बॅटरीपासून सेल्फपर्यंत सगळ्यांनी मिळून नजरेने चालून बघा. पाऊण तास लागेल.